सगळ्यात लांब पर्याय

"मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू?"

आमच्या औषध कंपनीतल्या नव्या भरतीचं प्रशिक्षण चालू होतं आणि पहिल्या चाचणीचा निकाल नुकताच लागला होता. हा मुलगा सांगलीकडचा, फार्म.डी. ही औषधशास्त्राची पदवी करून आमच्याकडे लागल्याला जेमतेम नऊ दिवस, आणि वीसपैकी सतरा बरोबर. मी आपली खूश. म्हटलं, सांग की.

"निम्मे प्रश्न मी वाचलेच नाहीत. जो पर्याय सगळ्यात लांब दिसला, त्यावर टिक करत गेलो."

त्याला जेवायला पाठवलं आणि मी प्रश्नपत्रिका उघडून बसले. वीसपैकी पंधरा ठिकाणी बरोबर उत्तर सगळ्यात लांबलचक होतं. चुकीचे पर्याय चार-पाच शब्दांत आटोपलेले, आणि बरोबर पर्यायाला मात्र 'रुग्णाच्या मूत्रपिंडाचं कार्य लक्षात घेऊन', 'मंजूर वापराच्या मर्यादेत' अशी शेपटं. चाचणी एआयने तयार केली होती आणि आम्ही चौघांनी तपासली होती. चौघांनीही एवढंच पाहिलं की उत्तर शास्त्राला धरून आहे ना. कागद हातभर लांब धरला की उत्तर न वाचता दिसतं, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्या मुलाच्या नऊ दिवसांत आलं.

मी मेडिकल अफेअर्समध्ये आहे. म्हणजे काय, हे आईला बारा वर्षं समजावते आहे. "डॉक्टर झालीस, मग पेशंट कुठायत?" हा तिचा प्रश्न काही हटत नाही. फार्माकॉलॉजीत एमडी केलं, काही वर्षं शिकवलं आणि मग अंधेरीतल्या एका औषध कंपनीत आले. औषध खपवणारी माणसं वेगळी, ते एमआर. आमच्या लोकांनी औषधामागचं शास्त्र डॉक्टरांपर्यंत न्यायचं, त्यांच्या शंकांना पुराव्यानिशी उत्तर द्यायचं आणि दुष्परिणामाची कुणकुण लागली तर ती योग्य ठिकाणी पोचवायची. फील्डवर हे करणाऱ्याला एमएसएल म्हणतात, मेडिकल सायन्स लिएझन. अपजॉन या अमेरिकी कंपनीने १९६७ साली ही जमात पहिल्यांदा बाजारात आणली असं आमच्यात सगळे सांगतात. पगार कंपनीचा, पण विक्रीचं टार्गेट नाही. डॉक्टरला हे पटवताना एमएसएलची निम्मी नोकरी जाते.

२०२५च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात संपलं. मधुमेहावरची ही गोळी, एसजीएलटी-२ इनहिबिटर गटातली; मूत्रपिंडाला जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकायला लावते. पेटंट संपताच कंपन्यांची रांग लागली आणि साठेक रुपयांची गोळी दहा रुपयांच्या आत आली. त्या रांगेत आम्हीही होतो. अकरा नवे एमएसएल घेतले, नागपूरपासून कोइमतूरपर्यंतचे, आणि मला निरोप आला की सहा आठवड्यांत ही माणसं उभी करा. बाहेरच्या एजन्सीला पैसे नाहीत. मेलच्या शेवटी एक ओळ होती: 'एआय वापरा.'

वापरलं. कंपनीने परवानगी दिलेलं एक टूल आमच्या लॅपटॉपवर होतं. पहिल्या संध्याकाळी त्यात एक परिच्छेदभर मजकूर टाकला: नवे एमएसएल, हे औषध, पाच दिवसांचं प्रशिक्षण, आराखडा दे, स्लाइड दे, चाचणी दे. चाळीस मिनिटांत सहा मोड्यूल आणि ६४ स्लाइड तयार. प्रत्येक मोड्यूलला उद्दिष्टं, मधे मधे 'चर्चेसाठी प्रश्न', शेवटी सारांश. एवढ्या कामाला एजन्सीने मागच्या खेपेस सात आठवडे आणि बरेच लाख घेतले होते. नवऱ्याने विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं की. त्या रात्री मी खरंच शांत झोपले.

सकाळी ट्रेनमध्ये वाचायला घेतलं. घाटकोपर येईपर्यंत झोप उडाली.

दुसऱ्याच स्लाइडचं शीर्षक: 'नवं, सुरक्षित आणि प्रभावी'. औषध विपणनाची यूसीपीएमपी ही आचारसंहिता केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी नव्याने जारी केली. 'सुरक्षित' हा शब्द खुलाशावाचून वापरायचा नाही आणि जे औषध भारतात वर्षाहून अधिक काळ उपलब्ध आहे त्याला 'नवं' म्हणायचं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. शीर्षकात तीन विशेषणं, त्यातली दोन आक्षेपार्ह. आता म्हणाल, ही तर आतल्या प्रशिक्षणाची स्लाइड, डॉक्टरला थोडीच दाखवणार? पण माणूस ज्या शब्दांत शिकतो त्याच शब्दांत बोलतो. वर्गात पाच दिवस 'सुरक्षित' ऐकलेला पोरगा सहाव्या दिवशी ओपीडीत तेच बोलणार.

खरी मेख चौथ्या मोड्यूलमध्ये होती. 'एम्पा-रेग आउटकम: मुख्य निष्कर्षात ३८ टक्के घट.' मी ही ओळ वाचली आणि पुढे गेले. दोन स्लाइडनंतर काहीतरी टोचलं म्हणून परत आले. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली ही या गोळीची रुग्णांवरची चाचणी आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असते. ७,०२० रुग्ण, सगळे टाइप टू मधुमेहाचे, आणि सगळ्यांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून. मुख्य निष्कर्ष तिहेरी होता: हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, जीव वाचलेला हार्ट अटॅक किंवा जीव वाचलेला पक्षाघात. त्यातली घट १४ टक्के. ३८ टक्के घट होती ती त्या तिघांतल्या फक्त मृत्यूंत. म्हणजे चाचणी खरी, आकडाही खरा, फक्त चुकीच्या खुंटीला टांगलेला. शिवाय 'आधीपासून आजार असलेले रुग्ण' ही अट स्लाइडवरून गायबच.

एआय थापा मारतं, नसलेले संदर्भ देतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. नसलेला संदर्भ पकडणं सोपं, शोधला की सापडत नाही. खरा आकडा खोट्या जागी बसला की तो ओळखीच्या चेहऱ्यासारखा दिसतो आणि आपण मान डोलावून पुढे जातो. मी गेलेच होते की. बारा वर्षं या कामात काढून.

त्या दिवशी रागाच्या भरात सगळं पुसून टाकणार होते. मग वाटलं, नको, ही स्लाइड तर सोन्यासारखी आहे. तीच पहिल्या दिवसाचा पहिला तास झाली. एका हातात एआयने केलेली स्लाइड, दुसऱ्या हातात मूळ लेख, वेळ चाळीस मिनिटं, चुका शोधा. अकरांपैकी सहा जणांना आकड्याची चूक सापडली. अट गळल्याचं दोघांनाच. नंतर फळ्यावर हिशेब केला: गोळी न घेणाऱ्यांत असे मृत्यू ५.९ टक्के, घेणाऱ्यांत ३.७. फरक २.२. साधारण तीन वर्षांचा काळ. म्हणजे असे ४५ जण तीन वर्षं गोळी घेतात तेव्हा एक मृत्यू टळतो. '३८ टक्के' म्हटलं की डॉक्टर 'हं' म्हणतो. '४५ जणांत एक' म्हटलं की तो मान वर करून विचारतो, कुठल्या ४५ जणांत? आणि तिथे ती गळलेली अट ज्याला ठाऊक आहे तोच टिकतो.

पण मी पुढे पळते आहे. स्लाइड दुरुस्त करूनही मूळ दुखणं तसंच होतं. आराखड्यातलं प्रत्येक उद्दिष्ट 'समजून घेणे' या शब्दांनी संपत होतं. कार्यपद्धती समजून घेणे. चाचण्यांचे निष्कर्ष समजून घेणे. समजलेला माणूस दिसतो कसा? वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलर यांचा १९९० सालचा एक पिरॅमिड आम्ही सगळे शिकलोय: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि टोकाला, रोजच्या कामात करतो. एआयने ६४च्या ६४ स्लाइड तळमजल्यावर रचल्या होत्या. दोष त्याचा म्हणावा तर मीही कुठे सांगितलं होतं की या माणसाला सातव्या आठवड्यात नक्की काय करता यायला हवं? मला तरी कुठे नीट माहीत होतं? फील्ड सोडून मला सहा वर्षं झाली.

मग फोन लावायला घेतले. आमचे जुने एमएसएल, शिवाय दुसऱ्या कंपन्यांतले दोन-तीन मित्र. एकच प्रश्न: डॉक्टरसमोर तुझी दातखिळी बसली असा प्रसंग सांग. दहा दिवसांत २७ प्रसंग जमले. या सगळ्या उद्योगात कुठल्या गोष्टीने काम तारलं असेल तर या वहीने, आणि ती एआयला लिहिता आली नसती.

सोलापूरच्या एका फिजिशियनने आषाढाच्या तोंडावर विचारलेलं: "माझे पंधरा पेशंट वारीला निघालेत. दिवसभर चालणार, एकादशीला निर्जळी करणार. तुमची ही गोळी लघवी वाढवते. बंद करू का चालू ठेवू?" तिकडे आमचा माणूस गप्प. प्रश्नात औषधाच्या माहितीपत्रकातले दोन इशारे एकदम आले आहेत, शरीरातलं पाणी कमी होणं आणि दीर्घ उपासात रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे कीटोॲसिडोसिसचा, धोका. हे दोन्ही सांगायला हवेत, आणि एकेका पेशंटचा निर्णय डॉक्टरांवरच सोडायला हवा. नाशिकच्या बाईंचा प्रश्न चार शब्दांचा: "क्रिएटिनिन १.८. देऊ? बोला." (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी.) इंदूरच्या डॉक्टरांचा प्रश्न तर पेटंट संपल्यापासून प्रत्येकाला येतोय: "गोळी तीच, कंपन्या पन्नास. तुमचीच का लिहू?" इथे एमएसएलने ब्रँडची वकिली सुरू केली की तो एमआर झाला. बायोइक्विव्हॅलन्स, म्हणजे दोन कंपन्यांची गोळी शरीरात सारखीच उतरते का, हे काय असतं, कसं तपासतात, एवढं सांगून थांबायचं.

ही वही एआयला दिली, अर्थात डॉक्टरांची, गावांची नावं काढून. आता कुठे त्याचा उपयोग सुरू झाला. म्हटलं, तू स्लाइड करू नकोस, डॉक्टर हो.

पहिला डॉक्टर इतका सज्जन निघाला की हसू यावं. "फारच छान प्रश्न! आपण दिलेली माहिती अत्यंत उपयुक्त आहे." असा फिजिशियन मी महाराष्ट्रात तरी पाहिलेला नाही. मराठीत बोल म्हटल्यावर आणखी मजा. "माझ्या मधुमेहग्रस्त रुग्णांच्या मूत्रपिंडीय कार्यक्षमतेविषयी मला चिंता वाटते." दूरदर्शनच्या बातम्याच. आमच्याकडे ओपीडीतली भाषा अर्धी मराठी, पाव हिंदी, उरलेली इंग्रजी, आणि क्रियापद बऱ्याचदा हातवाऱ्याने. शेवटी मी त्याला डॉक्टर असा लिहून दिला:

'वय ५८. रात्रीचे साडेनऊ. बाहेर अजून सतरा पेशंट. समोरच्याला तीन मिनिटं दिली आहेस. त्याचं कौतुक करायचं नाही. त्याचं वाक्य मधेच तोडायचं. एखादा आकडा मुद्दाम चुकीचा बोलायचा. उत्तर गुळमुळीत वाटलं की "बरं" म्हणून विषय बदलायचा. त्याला काहीही शिकवायचं नाही.'

शेवटची ओळ त्याला सगळ्यात जड गेली. तीन-चार वाक्यं नीट चिडका राहायचा आणि मग राहवेना, "लक्षात ठेवा, योग्य उत्तर असं की..." म्हणून मास्तर व्हायचा. ही सूचना दर काही संवादांनी पुन्हा पेरावी लागली. सवय वाईट असते, माणसाचीही.

टाइप वनचा किस्सा याच काळातला. वहीत एक प्रसंग होता: डॉक्टर विचारतात, टाइप वन मधुमेहात ही गोळी देऊन पाहू का? आमच्या मंजूर वापरात टाइप वन नाही. एमएसएलने इथे स्वतःहून एक शब्द पुढे सरकवायचा नाही; हा वापर मंजूर नाही हे सांगायचं, डॉक्टरांना हवं असेल तर प्रश्न लेखी घ्यायचा, तो कंपनीच्या मेडिकल इन्फर्मेशन विभागाकडे द्यायचा, तिथून उत्तर जातं. मी एआयला प्रत्येक प्रसंगासाठी 'आदर्श उत्तर' मागितलं होतं. याचं उत्तर दीड पान आलं. मात्रा, इन्सुलिन किती कमी करावं, कीटोन कधी तपासावेत, सगळं व्यवस्थित. वाचताना माझ्या पोटात गोळा आला. हे कुणी खरंच डॉक्टरसमोर बोललं असतं तर मला खुलासे देता देता वर्ष गेलं असतं. विचारलं की सांगायचं, असा त्याचा पिंड. आमच्या कामात कुठे गप्प बसायचं हे शिकायलाच दोन वर्षं जातात. शेवटी सगळी 'आदर्श उत्तरं' मी आणि आमच्या रेग्युलेटरीतल्या, म्हणजे औषधाच्या मंजुरीचं आणि नियमांचं पाहणाऱ्या विभागातल्या बाई, दोघींनी हाताने लिहिली. त्या सत्तावीस उत्तरांतली बरीचशी तीन ओळींत संपतात.

आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

सरावाच्या संवादात मधेच, भलत्याच विषयात, आमचा एआय डॉक्टर सहज बोलून जायचा: "हां, ती गोळी. एक बाई होत्या माझ्याकडे, उलट्या सुरू झाल्या, साखर फक्त १८०, तरी आयसीयूत न्यावं लागलं. असो. तुम्ही काय सांगत होतात?"

सापळा त्या 'असो'मध्ये होता. या गटातल्या औषधांनी क्वचित कीटोॲसिडोसिस होतो आणि त्यात साखर फार वाढलेली नसते, त्यामुळे तो निसटतो. अमेरिकेच्या एफडीएने मे २०१५ मध्येच त्याबद्दल सावध केलं होतं. आणि हे कानावर पडलं की एमएसएलला कामाचा विषय तिथेच थांबवावा लागतो. कोण सांगतंय, रुग्ण कोण (नाव नको, वय-लिंग पुरे), औषध कोणतं, झालं काय, या चार गोष्टी हाती आल्या की अहवाल होतो आणि आमच्याकडे तो चोवीस तासांत ड्रग सेफ्टी विभागाकडे गेला पाहिजे. हे सगळं अकराही जणांना पाठ होतं. चाचणीत त्यावरचा प्रश्न सगळ्यांनी बरोबर सोडवला होता. बरोबर पर्याय लांब होता म्हणून असेल.

सरावात तिघे थांबले. आठ जण पुढे गेले. त्यांचे संवाद मी रात्री एकामागून एक वाचले. विषयांतर संपलं म्हणून त्यांना सुटल्यासारखं झालेलं शब्दाशब्दांत दिसत होतं. "हो सर, तर मी सांगत होतो की..." एका मुलीने म्हटलं, "ओह, सॉरी टू हिअर दॅट, सर," आणि पुढची स्लाइड काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आठांना मी काही सुनावलं नाही. त्यांचाच संवाद त्यांना मोठ्याने वाचायला लावला. त्या मुलीने 'असो'पर्यंत वाचलं, थांबली, आणि खाली बसली. दुपारच्या फेरीत अकराच्या अकरा थांबले, म्हणून तिसऱ्या दिवशी मी सापळा बदलला. आता डॉक्टर कंपाउंडरला ओरडता ओरडता ते वाक्य टाकायचा. सात थांबले.

गुण देण्याचं कामही मी आधी एआयलाच दिलं होतं. आळस, दुसरं काही नाही. त्याने सगळ्यांना दहापैकी आठ दिले. 'सॉरी टू हिअर' वालीलाही आठ, शेरा: 'सहानुभूतीपूर्ण प्रतिसाद'. मग पद्धत बदलली. दहापैकी किती, हा प्रश्नच काढून टाकला आणि नऊ हो-नाही प्रश्न ठेवले. दुष्परिणाम ऐकल्यावर त्याबद्दल विचारलं का? मंजुरीबाहेरच्या वापराबद्दल स्वतःहून काही बोलला का? डॉक्टरांनी चुकीचा सांगितलेला आकडा दुरुस्त केला का? प्रत्येक 'हो'खाली संवादातलं नेमकं वाक्य उतरवायचं. वाक्य सापडत नसेल तर 'नाही'. यानंतर त्याची तपासणी माझ्याशी बरीच जुळायला लागली. ९९ नोंदींत सात ठिकाणी आमचा मतभेद झाला. नीट पाहिल्यावर पाच ठिकाणी मी बरोबर होते, दोन ठिकाणी तो. त्या दोन नोंदी मी रात्री साडेअकरानंतर तपासलेल्या होत्या, एवढंच माझ्या बाजूने सांगते.

एक गोष्ट मात्र माझ्या निष्काळजीपणाची. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने सरावाची तयारी म्हणून कुणा ओळखीच्या डॉक्टरने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं प्रिस्क्रिप्शन मोबाइलवरच्या फुकट ॲपमध्ये टाकून 'केस समजावून सांग' म्हटलं. पेशंटचं नाव, वय, गाव, सगळं त्यावर. मला मोठ्या अभिमानाने दाखवायला आला. मी चिडले, प्रशिक्षण अर्धा दिवस थांबवलं, २०२३चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा काढून बसले, कंपनीच्या प्रायव्हसीवाल्यांना कळवलं. संध्याकाळी माझाच डेक, म्हणजे स्लाइडचा संच, चाळला. 'रुग्णाची माहिती कोणत्याही एआय टूलमध्ये टाकू नये' ही सूचना होती, ६१व्या स्लाइडवर. तिथवर आम्ही अजून पोचलोच नव्हतो. ती आता पहिली स्लाइड आहे.

वरच्यांनी शेवटी विचारलंच, "मग वेळ किती वाचला?" मी हिशेब ठेवला होता. स्लाइड, चाचण्या, वेळापत्रक, मेल यांत बारा-तेरा दिवस वाचले असतील. त्यातले आठ-नऊ तपासण्यात परत गेले. फोन आणि वहीचे दहा दिवस आधीही लागले असते, फक्त आधी ते आम्ही कधी दिलेच नव्हते, कारण सगळा वेळ स्लाइडचे रंग ठरवण्यात जायचा. आणि सराव. मागच्या बॅचला मी आणि एक सहकारी आळीपाळीने डॉक्टर व्हायचो, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन संवाद यायचे. या वेळी एकेकाने तीस-पस्तीस केले, काहींनी तर रात्री हॉस्टेलवर, लाज न वाटता. माणसासमोर चुकायला ही मुलं लाजतात, मशीनसमोर नाही. साहेबांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पुढची बॅच तीन आठवड्यांत होईल." मी वहीचे दहा दिवस वेगळे लिहून मागितले आहेत. मेलला अजून उत्तर नाही.

चाचणीचं म्हणाल तर आता पर्याय सारख्या लांबीचे लिहायला सांगते आणि तरी शेवटी पट्टी घेऊन बसते. अक्षरशः पट्टी.

दोन महिन्यांनी त्या सांगलीच्या मुलाचा कोल्हापुराहून फोन आला. म्हटलं, कसं चाललंय?

"मॅडम, तुमचा तो चिडका डॉक्टर फारच प्रेमळ होता हो."

आता काय झालं?

"तो तीन मिनिटं द्यायचा. आज पावणेतीन तास बाकावर बसलो, चार एमआर माझ्या पुढे गेले, आणि आत गेल्यावर सरांचा फोन वाजला. माझं पहिलं वाक्य अर्धं झालं होतं. हातानेच 'नंतर' म्हणाले. मी बाहेर. त्याचा सराव कुठे होता?"

नव्हता. बाकावर बसण्याचा सराव कसा लिहायचा हे मला अजून सुचलेलं नाही. फोनचं तेवढं जमलं. आता संवाद चालू असताना कधीही, अगदी पहिल्या वाक्यालाही, डॉक्टर "एक मिनिट हं" म्हणतो आणि स्क्रीन बंद होते. नव्या बॅचमधल्या एकीने परवा आयटीकडे तक्रार केली की टूल बिघडलंय.